भागीदारी म्हणायची आणि हजेरी मोजायची!

गाळप हंगाम संपतो, धुराडी थंड होतात आणि जिल्हा दैनिकांच्या आतल्या पानांवर निविदा सूचनांची दाटी होऊ लागते. मिल हाउसची ओव्हरहॉलिंग, बॉयलरच्या नळ्यांची सफाई, केन कॅरिअरच्या साखळ्या उतरवून पुन्हा चढविणे, पंप, टर्बाइन, सेंट्रिफ्युगल. एकेकाळी साखर कारखान्याच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये, स्वतःच्या फिटरांच्या हातून होणारी ही कामे आता एकामागून एक कंत्राटाने दिली जात आहेत. यात नवे काय, असे कोणी विचारील. नवे आहे ते या व्यवहाराला दिलेले नाव. पूर्वी ज्याला सरळ 'लेबर कंत्राट' म्हणत, त्याला आता 'देखभालीतील भागीदारी' म्हणतात. सल्लागारांच्या गुळगुळीत अहवालांत, व्यवस्थापकांच्या परिसंवादांत आणि संचालक मंडळांच्या ठरावांत हा शब्द मोठ्या दिमाखाने मिरवतो आहे. कंत्राटदाराशी भागीदारी केल्याने देखभालीचा खर्च घटतो, असा सिद्धान्त त्यासोबत सांगितला जातो. सिद्धान्त खोटा नाही. खोटी आहे ती भागीदारी.

भागीदार कोणाला म्हणावे, हे मराठी माणसाला कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राने शिकविण्याची गरज नाही. अर्धेलीने शेत करणाराही ते जाणतो. पीक आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. आता या कसोटीवर कारखान्याची निविदा वाचून पाहावी. अनामत रक्कम किती, मागील वर्षांची उलाढाल किती, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल मजुरांचा दर काय, सेवाशुल्क किती टक्के, काम किती दिवसांत पूर्ण करणार, एवढेच प्रश्न तिच्यात असतात. हंगाम सुरू झाल्यावर यंत्र चालले की बंद पडले, याच्याशी त्या कागदाचा काडीमात्र संबंध नसतो. बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळ्या पडल्या, फोटो निघाले की कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघते आणि त्याची माणसे दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या कामावर रवाना होतात. पुढे डिसेंबरच्या एखाद्या मध्यरात्री तिसऱ्या मिलचे बेअरिंग तापले, तर धावपळ करायची ती कारखान्याच्या उरल्यासुरल्या माणसांनी. आणि ते बेअरिंग बसविले कोणी, हेही त्यांना ठाऊक नसते. या व्यवहारात भाग कोणाचा आणि वाटा कशाचा?

हा प्रकार फोफावला त्याला कारणे आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. गेल्या दोन दशकांत राज्यातील कारखान्यांनी गाळपक्षमता भरमसाट वाढविल्या. सहकारी आणि खासगी मिळून सुमारे दोनशे कारखाने आज राज्यात गाळप करतात. ऊस त्या प्रमाणात वाढला नाही. परिणामी, ज्या कारखान्यांचे पट्टे एकेकाळी पाच-सहा महिने फिरत, त्यांतील अनेकांचा हंगाम तीन-साडेतीन महिन्यांतच आटोपू लागला. उरलेले आठ-नऊ महिने यंत्र उभे आणि 'हंगामी कायम' कामगाराला मात्र रिटेन्शन भत्ता द्यायचा, हे हिशेबनिसाच्या डोळ्यांत खुपू लागले. तशात कर्जाचे डोंगर, वेळेवर न दिलेली उसाची देणी आणि साखरेच्या भावातील चढउतार. खर्च कोठे तरी कापायचा होता. व्याज कापता येत नाही, उसाचा रास्त व किफायतशीर दर कायद्याने बांधलेला, म्हणून सुरी चालली ती देखभालीवर. कारण देखभालीची कपात त्या वर्षी दिसत नाही. ती दिसते दोन-तीन हंगामांनंतर, आणि तोवर कदाचित संचालक मंडळ बदललेले असते.

दात कोरून पोट भरत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीचा हिशेब मांडून पाहू. समजा, दिवसाला पाच हजार टन गाळपाचा एक कारखाना आहे. तो एक तास बंद पडला तर दोनशे आठ टन ऊस गाळावाचून राहतो. ऊस म्हणजे कोळसा नव्हे, की आज नाही तर उद्या जाळला. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर त्यातील साखर घटू लागते. गव्हाणीसमोर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. बीडकडून आलेल्या तोडणीच्या टोळ्या फडात बसून राहतात. त्यांची मजुरी टनावर असते, म्हणजे मिल थांबली की त्यांची चूलही थांबते. दुसरे उदाहरण उताऱ्याचे. मिलच्या रोलरमधील अंतर, ट्रॅश प्लेटची बसवणी आणि रोलरवरील खाचांची स्थिती यांवर उसातला किती रस निघतो आणि किती चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जातो, हे ठरते. ही बसवणी बिनहंगामात होते. तिच्यात हयगय झाली आणि उताऱ्यात केवळ दशांश टक्क्याची घट आली, असे धरू. शंभर दिवसांत पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याची पाचशे टन साखर गेली. केंद्र सरकारने २०१९ साली ठरविलेला किलोला ३१ रुपये हा किमान विक्री दर धरला, तरी ही रक्कम एक कोटी पंचावन्न लाख होते. कंत्राटदाराने मजुरीच्या दरात जी सूट दिली म्हणून संचालक मंडळ स्वतःची पाठ थोपटून घेत होते, ती या रकमेपुढे किती उरते, हे प्रत्येक कारखान्याने आपापल्या वहीत पाहावे.

आणि हा तोटा केवळ कारखान्याचा राहत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी पायाभूत उतारा १०.२५ टक्के आणि त्यासाठी टनाला ३,५५० रुपये दर ठरला. त्याच्या वर उताऱ्याच्या प्रत्येक दशांश टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे अधिक. कोल्हापूर-सांगलीकडील चांगल्या उताऱ्याच्या पट्ट्यात मिल फिटरच्या हातातला स्पॅनर असा थेट शेतकऱ्याच्या पट्टीपर्यंत पोहोचतो. रस निघालाच नाही तर तो उताऱ्यात धरला जात नाही. आणि उताऱ्यात धरला नाही तर त्याचा पैसाही मिळत नाही. ऊस वजनकाट्यावर मारला जातो, ही तक्रार शेतकरी जाहीर सभांतून करतो. तो मिल हाउसमध्येही मारला जातो, हे त्याला कोणी सांगत नाही.

यंत्राची देखभाल म्हणजे नेमके काय, याविषयीचा अज्ञानमूलक समज या साऱ्याच्या मुळाशी आहे. देखभाल म्हणजे इतके नट, इतके बोल्ट, इतके वेल्डिंग, इतके मजूर-दिवस, अशी बेरीज ज्यांनी मनाशी धरली आहे, त्यांना ती कोठूनही विकत घेता येईल असे वाटते. प्रत्यक्षात एकाच कंपनीने एकाच वर्षी बनविलेल्या दोन मिल दोन कारखान्यांत दोन स्वभावांच्या होतात. कोणत्या मिलचा डाव्या बाजूचा हेडस्टॉक थोडा बसला आहे, कोणत्या कॅरिअरची साखळी एका अंगाला अधिक ताणते, कोणत्या पंपाचा आवाज वाढला म्हणजे दोन दिवसांत सील जाणार, हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते. ते वर्षानुवर्षे त्याच यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या ऑइलमनच्या आणि फिटरच्या कानात व हातात असते. हा माणूस निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही, आणि तिच्यावर दरवर्षी बदलणाऱ्या कंत्राटदाराची दरवर्षी बदलणारी माणसे आली, की हे ज्ञान कारखान्याच्या फाटकाबाहेर जाते. ताळेबंदात त्याची किंमत कधी दाखविलेली नसते. त्यामुळे ते गेल्याची नोंदही होत नाही.

आता कंत्राटाचे दोन प्रचलित प्रकार पाहावेत. पहिला मनुष्यबळ पुरवठ्याचा. यात कंत्राटदाराला पैसे मिळतात ते हजेरीवर. काम लांबले, पुन्हा करावे लागले, यंत्र वरचेवर बिघडले, तर हजेऱ्या वाढतात आणि कमाईही वाढते. ज्याची मिळकत बिघाडावर अवलंबून आहे, त्याच्याकडून बिघाड टाळण्याची अपेक्षा करणे म्हणजे वैद्याने गावातली साथ हटावी म्हणून उपास करावेत, अशी अपेक्षा करण्यासारखे आहे. दुसरा प्रकार ठोक रकमेचा. यात उलटे घडते. जितके काम कमी, तितका नफा अधिक. जुने गॅस्केट पुसून पुन्हा बसते, अलाइनमेंट डोळ्यांनी होते, ग्रीस बाहेरून दिसेल इतकेच लागते. दोन्ही प्रकारांत कंत्राटदार वाईट माणूस असावा लागत नाही. सज्जनातला सज्जन कंत्राटदारही या करारात शिरला की त्याचे हित आणि यंत्राचे हित एकमेकांकडे पाठ करून उभे राहते. दोष माणसापेक्षा मांडणीचा आहे. (कंत्राटदार संचालकाचा भाचा असेल तर दोष दोन्हींचा, पण तो विषय निराळा आणि सर्वांना माहीत असलेला.)

मजुरी पुरवठ्याच्या निविदांत तर सेवाशुल्क शून्याच्या आसपास भरण्याची चढाओढ लागते. शून्य नफ्यावर काम करणारा हा कोण दानशूर कर्ण, असा प्रश्न एकाही खरेदी समितीला पडत नाही. उत्तर मजुराच्या खिशात असते. भविष्य निर्वाह निधी कापला जातो पण भरला जात नाही, कुशल वेल्डरची नोंद मदतनीस म्हणून होते, बँकेत जमा झालेल्या मजुरीतला काही भाग मुकादम रोख परत घेतो. या चोरीला 'खर्चातील बचत' म्हणून अहवालात स्थान देणे, हा या भागीदारीचा पहिला चमत्कार.

ज्या विलायतेतून असल्या कल्पना आयात होतात, तिचा अनुभव काय आहे? १९९३ च्या कायद्यान्वये ब्रिटनने आपली रेल्वे मोडून विकली. रूळ, सिग्नल आणि पूल रेलट्रॅक नावाच्या कंपनीकडे गेले. त्यांची देखभाल करणारी पथके १९९६ च्या सुमारास खासगी कंत्राटदारांना विकली गेली. रेलट्रॅकने स्वतःकडे करार सांभाळणारी माणसे ठेवली, रूळ ओळखणारी जाऊ दिली. आपल्या मालकीचे काय काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, याची धड नोंदवहीसुद्धा तिच्यापाशी नव्हती. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सकडे निघालेली गाडी हॅटफिल्डजवळ रुळावरून घसरली आणि चार प्रवासी मृत्युमुखी पडले. ज्या रुळावर ती घसरली त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले होते. त्याला तडे गेल्याचे कंत्राटदाराला माहीत होते, रेलट्रॅकला माहीत होते, आणि बदलायचा नवा रूळ कित्येक महिन्यांपासून तेथेच, मार्गाच्या कडेला आणून टाकलेला होता! तो बसवायचा कोणी, केव्हा, आणि त्यासाठी गाड्या थांबवायच्या तर भरपाई कोणाच्या खात्यातून, या वादात तो पडून राहिला. अपघातानंतर आणखी कोठे असेच तडे आहेत हे कोणालाच खात्रीने सांगता येईना, म्हणून देशभर गाड्यांचे वेग उतरवावे लागले. वर्षभरात रेलट्रॅक दिवाळखोरीच्या दारात पोहोचली. मे २००२ मध्ये पॉटर्स बार येथे सांध्याच्या सदोष देखभालीमुळे आणखी सात जणांचा बळी गेला. अखेर रेलट्रॅकच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलने ऑक्टोबर २००३ मध्ये रुळांची सारी देखभाल कंत्राटदारांकडून काढून आपल्या हाती घेण्याचे जाहीर केले. तसे करताना दिलेल्या कारणांत खर्च आटोक्यात आणणे हेही एक होते. ज्या खर्चाच्या नावाने कंत्राटे दिली, त्याच खर्चाच्या नावाने ती परत घ्यावी लागली. तेथे फेकून दिलेली टोपी आपल्याकडे मोठ्या कौतुकाने डोक्यावर चढविली जाते, एवढेच.

मग बाहेरच्या माणसाच्या हाती यंत्र देऊच नये काय? तसे म्हणणेही आततायीपणाचे ठरेल. टर्बाइनचे रोटर संतुलित करणे, झिजलेल्या रोलरवर नवे शेल चढविणे, बॉयलरच्या ड्रमची ध्वनिलहरींनी तपासणी करणे, ही कामे वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा निघतात. त्यासाठी प्रत्येक कारखान्याने तज्ज्ञ बाळगावा हे परवडणारे नाही आणि इष्टही नाही. शिवाय कायम कामगारांच्या नावाने जे चालले तेही विसरून चालणार नाही. निवडणुका आल्या की नोकरभरती, भरतीत गावकी आणि भावकी, वर्कशॉपमध्ये नावापुरते फिटर आणि प्रत्यक्षात अध्यक्षांच्या बंगल्यावर राबणारे गडी. असे कारखाने राज्याने पाहिले आहेत. कामगार संघटनांनी या खोगीरभरतीकडे डोळेझाक केली आणि 'आमच्या नोकऱ्या' एवढाच मंत्र जपला. कंत्राटी पद्धतीला दार उघडून देण्याच्या पापात त्यांचाही वाटा आहे.

प्रश्न बाहेरचा की घरचा, असा नाहीच. यंत्र चालले तर कोणाचा लाभ होतो आणि थांबले तर कोणाचे नुकसान, हा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलुखाने कोणत्याही सल्लागाराविना शोधले होते. गावगाड्यातला सुतार आणि लोहार शेतकऱ्याची अवजारे वर्षभर नीट राखी. नांगराचा फाळ पाजविणे, औताला नवा दांडा घालणे, मोटेचे चाक दुरुस्त करणे यासाठी दर खेपेला पैसे मोजले जात नसत. मोबदला मिळे तो खळ्यावर, पिकाच्या राशीतून, बलुत्याच्या रूपाने. ऐन पेरणीत नांगर मोडला तर नुकसान शेतकऱ्याचे होई तसे लोहाराचेही होई. रास लहान झाली की बलुतेही लहान. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे जे वर्णन केले, त्यात तिचे दोषही लपविलेले नाहीत. जातीची बेडी, वंशपरंपरेची सक्ती आणि वाटपातला अन्याय यांमुळे ती व्यवस्था मोडली हे योग्यच झाले. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु देखभालीचा मोबदला बिघाडाशी न जोडता पिकाशी जोडावा, ही तिच्यातली अक्कल तिच्याबरोबर पुरून टाकण्याचेही कारण नव्हते.

हीच अक्कल इंग्लंडातील विमान इंजिनांच्या धंद्याने १९६२ साली नव्याने शोधली. व्हायपर नावाच्या जेट इंजिनासाठी ब्रिस्टल सिडली कंपनीने ग्राहकांपुढे असा करार ठेवला, की दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचा ठरलेला दर द्यायचा. इंजिन जमिनीवर पडून राहिले तर कंपनीची कमाई बंद. त्यामुळे ते लवकर बिघडू नये याची चिंता विमानवाल्याइतकीच इंजिनवाल्यालाही लागली. पुढे ही कंपनी रोल्स-रॉईसमध्ये विलीन झाली आणि तासावर मोबदला देण्याची ही रीत साऱ्या विमान उद्योगात पसरली. भागीदारी म्हणतात ती याला. यात कंत्राटदार स्वस्त असावा लागत नाही. तो महागही असू शकतो, आणि तरीही एकूण खर्च खाली येतो, कारण खर्चाचा मोठा भाग मजुरीत नसतोच. तो बंद पडलेल्या तासांत असतो.

साखर कारखान्यांना अशी भागीदारी करायला कोणते साधन कमी आहे? उलट, इतर उद्योगांनी हेवा करावा अशी सामग्री त्यांच्या दप्तरात तयार आहे. प्रत्येक कारखाना प्रत्येक पाळीत मिल किती वेळ बंद होती आणि कशामुळे, याची नोंद ठेवतो. ऊस नव्हता म्हणून, यांत्रिक बिघाडामुळे, विजेच्या बिघाडामुळे, असे रकाने असतात. हंगामअखेरीस त्यांची टक्केवारी काढली जाते. या रकान्यावर कंत्राट का बेतू नये? निदान तीन हंगामांचा करार असावा. यांत्रिक बिघाडाचे मागील काही हंगामांचे सरासरी तास हा पाया धरावा. ते जितके घटतील त्या बचतीत कंत्राटदाराचा ठरलेला वाटा, आणि वाढले तर त्याच्या बिलातून कपात. ऊस कमी पडल्याने किंवा पावसाने थांबलेल्या तासांचा भार मात्र त्याच्यावर टाकू नये; वजनकाटा दोन्ही बाजूंना सारखा असला पाहिजे. त्याच्या फिटरांची ठरावीक तुकडी तीच दरवर्षी यावी आणि गाळपाच्या काळातही तिने पाळीवर राहावे, म्हणजे जुलैत ज्याने बेअरिंग बसविले त्यालाच डिसेंबरात ते तापलेले पाहायला मिळेल. कोणते भाग बदलायचे, कोणते आणखी एक हंगाम चालतील, याचा निर्णय मुख्य अभियंता आणि कंत्राटदार यांनी हंगाम संपताच, यंत्र उघडल्याबरोबर, एकत्र बसून करावा. लेखा विभागाने दराचे कोटेशन हातात घेऊन ऑगस्टमध्ये नव्हे. आणि यंत्राची इतिहासवही कारखान्याचीच, कारखान्याच्या माणसाच्या हाताने लिहिलेली असावी. रेलट्रॅकने जे गमावले ते हेच.

अर्थात, अशा करारात एक अडचण आहे. त्यात मालकालाही शब्द पाळावा लागतो. कंत्राटदाराने सुटे भाग मागितले आणि ते खरेदी समितीत दोन महिने अडकले, तर बंद तासांचे पाप त्याच्या माथी मारता येत नाही. बिल आठ महिने थकविता येत नाही. दरवर्षी नवा 'आपला माणूस' आणता येत नाही. व्यवस्थापनांना भागीदारी हा शब्द आवडतो आणि भागीदारी आवडत नाही, त्याचे रहस्य येथे आहे.

नियमांचे बोट दाखवून सुटका करून घेण्याची सोयही आता फारशी उरलेली नाही. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे बंधनकारक आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. परंतु केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयानेच २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसार बांधकामे आणि सल्लागारीव्यतिरिक्त सेवांच्या खरेदीतही ठरावीक मर्यादेत गुणवत्तेला गुण देऊन निवड करण्याची मुभा दिली. सरकारी खात्यांना जे करता येते ते सभासदांच्या मालकीच्या सहकारी कारखान्याला करता येऊ नये, असे कोणते शास्त्र सांगते?

कायद्याची स्थितीही नीट पाहिली पाहिजे. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा अधिनियम जाऊन त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. उद्योगाच्या गाभ्यातील कामावर कंत्राटी कामगार लावण्यास तिने मनाई केली आहे. पण अपवादही मोकळ्या हाताने दिले आहेत. इमारती व अन्य बांधकामे व त्यांची देखभाल गाभ्याबाहेर आणि खंडित स्वरूपाचे कोणतेही कामही गाभ्याबाहेर. बिनहंगामी ओव्हरहॉलिंग हे 'खंडित' काम आहे, असा युक्तिवाद उद्या कोणताही वकील सहज करील. शिवाय पूर्वी वीस कामगारांपासून लागू होणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आता पन्नासपासून लागू होतात. म्हणजे एका कंत्राटाची चार कंत्राटे केली की परवान्याचा प्रश्नच मिटला! कायद्याने दिलेली ही फट कोणी किती वापरील, हे कोणी भोळेपणाने विचारू नये. कल्याणकारी सोयींची जबाबदारी आणि कंत्राटदाराने बुडविलेली मजुरी देण्याचे दायित्व मात्र संहितेने मुख्य मालकावरच ठेवले आहे, हे खरेदी समितीने वाचलेले बरे.

कारण फाटकातून आत येणारा माणूस कोणाच्याही हजेरीपटावर असो, आत आल्यावर यंत्र त्याच्यात भेद करीत नाही. नागपूर जिल्ह्यातील बेला येथील साखर कारखान्यात १ ऑगस्ट २०२० रोजी वेल्डिंगचे काम चालू असताना स्फोट झाला आणि पाच कामगारांचा मृत्यू झाला. ऑगस्ट म्हणजे बिनहंगाम. धुराडे थंड आहे म्हणून कारखाना निर्धोक आहे, असे मुळीच नसते. उलट टाक्या उघडलेल्या, नळ्या सुटलेल्या, ठिकठिकाणी कटिंग आणि वेल्डिंग, आणि नवखी माणसे, अशा याच काळात सर्वाधिक सावध राहावे लागते. कोणत्या टाकीत काय उरले आहे, कोणत्या नळीत वायू असू शकतो, हे नव्या माणसाला सांगणारे जुने माणूस शेजारी नसेल, तर वर्क परमिटचा कागद त्याला वाचवू शकत नाही. त्या कागदावर सही करणारा आणि टाकीत उतरणारा हे दोघे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, अशी आज अनेक कारखान्यांत अवस्था आहे. खंडेनवमीला मिल हाउसमध्ये यंत्रांची पूजा होते, झेंडूच्या माळा चढतात, पेढे वाटले जातात. ज्या माणसांनी महिनोन्महिने ती यंत्रे उघडून पुन्हा जुळविली, ती त्या दिवशी बहुधा गेटपासची मुदत संपल्यामुळे आवाराच्या बाहेर असतात.

सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. सभासदाच्या हाती जो छापील अहवाल पडतो, त्यात 'दुरुस्ती व देखभाल' ही रक्कम एका पानावर असते आणि गाळपातील बंद तासांचा तक्ता, जेथे तो छापला जातो तेथे, दूर दुसऱ्या पानावर. ही दोन पाने मागील पाच वर्षांच्या अहवालांतून काढून शेजारी ठेवावीत. देखभालीची रक्कम घटत गेली आणि यांत्रिक बिघाडाचे तास वाढत गेले, असे दिसले तर कंत्राटदार कोण, करार किती वर्षांचा, हंगामात त्याची किती माणसे पाळीवर होती आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरल्याच्या पावत्या कोठे आहेत, हे चार प्रश्न सभेच्या आधी, मुदतीत आणि लेखी द्यावेत. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांसाठी ते राखून ठेवू नयेत. तोवर सभा राष्ट्रगीतापर्यंत पोहोचलेली असते.